महाविद्यालयीन स्वाध्यायलेखन व कृत्रिम बुद्धिमत्ता

महाविद्यालयातील विद्यार्थ्याने परीक्षादालनाबाहेर, ग्रंथ व अन्य साधने यांच्या आधारे स्वतः तयार करून शिक्षकास सादर करावयाच्या लेखनास स्वाध्यायलेखन म्हणतात. निबंध, प्रकल्प-अहवाल, प्रात्यक्षिकाची नोंदवही, चर्चासत्रासाठी केलेले टिपण आणि पदव्युत्तर पातळीवरील लघुप्रबंध हे त्याचे प्रमुख प्रकार होत. ओपनएआय या अमेरिकन संस्थेने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी ही संगणकीय सेवा सर्वांना खुली केली. मागणीनुसार नवा मजकूर निर्माण करणाऱ्या अशा कृत्रिम बुद्धिमत्तेस जनरेटिव्ह एआय असे म्हणतात. तिच्या प्रसाराने स्वाध्यायलेखनापुढे एक जुनाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा केला. लेखनाखाली ज्याचे नाव आहे तो त्या लेखनाचा कर्ता आहे काय, आणि त्यातील प्रत्येक विधानाबद्दल उत्तर देण्यास तो समर्थ आहे काय, हा तो प्रश्न होय. मराठी ग्रंथपरंपरेस तो अपरिचित नाही. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई व तिच्या परिसरातील गोदाकाठ यांच्या वाङ्मयीन इतिहासात त्याची बोलकी उदाहरणे आढळतात.

ग्रंथपरंपरेतील कर्तृत्व व प्रामाण्य : विवेकसिंधु हा मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक मानला जातो. त्याचा कर्ता मुकुंदराज याची समाधी अंबाजोगाई येथे दाखविली जाते. ग्रंथाच्या अखेरीस येणाऱ्या ओवीनुसार त्याची रचना शके १११० (इ. स. ११८८) मध्ये झाली. तथापि या ओवीच्या अस्सलपणाबद्दल काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. उपलब्ध प्रतींची भाषा इतकी जुनी वाटत नाही, असाही आक्षेप घेण्यात आला. ग्रंथात उल्लेखिलेली अंबानगरी म्हणजे मराठवाड्यातील अंबाजोगाई की विदर्भातील वैनगंगेच्या काठचे आंभोरे, याविषयीही विद्वानांत मतभेद आहेत. हा वाद शक्य झाला याचे कारण अभ्यासकांनी एका ओवीवर विसंबून न राहता हस्तलिखिते, भाषा व स्थळनिर्देश यांची स्वतंत्रपणे छाननी केली. विधान कोठून आले, ते कोणी घातले व त्यास दुसरा आधार कोणता, हे विचारणे म्हणजेच विद्याभ्यास, हे या वादावरून स्पष्ट होते.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस रचनेचा शक व स्थळ यांच्या जोडीने लेखनिक सच्चिदानंदबाबा यांचाही निर्देश येतो. सांगणारा एक आणि लिहून घेणारा दुसरा, हा भेद येथे उघडपणे नोंदविला आहे. लेखनिकाच्या साहाय्यामुळे कर्त्याचे कर्तृत्व उणावत नाही आणि लेखनिकाचे श्रमही झाकले जात नाहीत. पुढे नकलांमागून नकला होत गेल्या आणि ग्रंथात अपपाठ व परक्या ओव्या शिरल्या. पैठणच्या एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहून शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि या ग्रंथात यापुढे कोणी आपली ओवी घालू नये, असे अखेरीस बजावले. स्वतः समर्थ कवी असूनही त्यांनी आपले शब्द दुसऱ्याच्या ग्रंथात मिसळले नाहीत. ही केवळ भक्तिभावाची गोष्ट नसून कर्तृत्वाच्या मर्यादेची जाणीव होय.

अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांच्या गीतार्णवाची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. त्यांनी पंचीकरण हा वेदान्तातील विषय सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडी पासोडीवर ओव्या व आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला. कठीण विषय पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात उलगडावा, यासाठी योजिलेले ते अध्यापनाचे साधन होते. विद्येच्या क्षेत्रात साधनांचा वापर या परिसरास नवा नाही. साधन शिकणाऱ्याचे आकलन वाढविते की त्याची जागा घेते, हा विवेक मात्र प्रत्येक साधनाच्या बाबतीत नव्याने करावा लागतो.

परीक्षापद्धती व स्वाध्यायाचा उदय : मुंबई, कलकत्ता व मद्रास या विद्यापीठांची १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापना झाली. प्रारंभी परीक्षा घेणे व पदव्या देणे हेच त्यांचे मुख्य कार्य होते. त्यामुळे भारतीय उच्च शिक्षणात वर्षाखेरीच्या लेखी परीक्षेस अवास्तव महत्त्व आले व पाठांतरास उत्तेजन मिळाले. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८–४९) विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची झाल्यास ती परीक्षांची असेल, असा अभिप्राय दिला. पुढील काळात अंतर्गत मूल्यमापन, सत्रपद्धती, श्रेयांकपद्धती व प्रकल्पकार्य यांचा क्रमाने स्वीकार झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये प्रकल्प, क्षेत्रकार्य व कार्यानुभव यांचे महत्त्व आणखी वाढले आहे. स्वाध्याय हा अशा रीतीने तीन तासांच्या परीक्षेच्या दोषांवर शोधलेला उपाय आहे. परीक्षेवर पर्यवेक्षकाची नजर असते. स्वाध्याय मात्र विश्वासावर उभा असतो. त्याचे सामर्थ्य व त्याची दुर्बलता या दोहोंचे मूळ या विश्वासातच आहे.

या दुर्बलतेचा प्रत्यय संगणकापूर्वीही येत असे. तयार उत्तरांची गाइडे, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदवह्या, छायाप्रतींच्या दुकानांत मिळणारी टिपणे व पैसे देऊन लिहवून घेतलेले प्रकल्प-अहवाल या गोष्टी महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयीन गावांना परिचित आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने परावलंबी लेखनाची प्रवृत्ती निर्माण केलेली नाही. तिने त्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला आणि प्रत्येकास वेगळा मजकूर मिळू लागल्यामुळे नक्कल ओळखणेही अवघड केले.

बीड जिल्ह्यातील उच्च शिक्षण : हैदराबाद संस्थानात असताना या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास उच्च शिक्षणासाठी दूर जावे लागे. उस्मानिया विद्यापीठाची (१९१८) शिक्षणभाषा उर्दू असल्याने मराठी विद्यार्थ्यापुढे परक्या भाषेचीही अडचण असे. अशा परिस्थितीत खाजगी राष्ट्रीय शाळांनी मोठे कार्य केले. स्वामी रामानंद तीर्थ हे १९३५ पासून काही वर्षे अंबाजोगाई येथील योगेश्वरी संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. पुढे त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा त्याचा नामविस्तार झाला. बीड जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये या विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

अवर्षणप्रवण शेती आणि ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर ही या जिल्ह्याच्या जीवनाची ठळक वैशिष्ट्ये होत. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. अशा कुटुंबांतील, घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याजवळ जमीन, भांडवल वा ओळखीपाळखी यांचे पाठबळ क्वचितच असते. पदवी हेच त्याचे भांडवल असते. पदवी म्हणजे विद्यापीठाने समाजास दिलेली साक्ष होय. या नावाच्या व्यक्तीने अमुक विषय आत्मसात केला आहे, एवढेच ती सांगते. ती साक्ष एकदा संशयास्पद ठरली, तर नुकसान केवळ नक्कल करणाऱ्याचे होत नाही. ज्याने प्रामाणिकपणे लिहिले त्याच्या पदवीचेही मोल घटते आणि ज्याच्याजवळ अन्य काही नाही त्यास ते अधिक जाणवते.

यंत्राचे कार्य व त्याच्या मर्यादा : आजच्या जनरेटिव्ह एआय सेवा विशाल भाषाप्रतिमानांवर आधारलेल्या आहेत. २०१७ मध्ये गूगलमधील संशोधकांनी मांडलेली ट्रान्सफॉर्मर ही रचना त्यांच्या मुळाशी आहे. प्रचंड मजकुरातील शब्दखंडांचे परस्परसंबंध गणिताने टिपून, दिलेल्या मजकुरापुढे कोणता शब्दखंड येणे संभाव्य आहे, हे असे प्रतिमान ठरविते व उत्तर क्रमाक्रमाने रचते. उत्तर रचताना सत्याची पडताळणी करणे हा या मूळ प्रक्रियेचा भाग नाही. म्हणून अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचे नाव, चुकीचा शक किंवा कोणीही न काढलेले उद्गार हे सर्व अस्खलित भाषेत व ठाम स्वरात पुढे येऊ शकते. मायाजालावर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर थोडा आहे, आणि एखाद्या जिल्ह्याच्या इतिहासाविषयीचा तर फारच थोडा. त्यामुळे स्थानिक विषयांत असा दोष घडण्याचा संभव अधिक असतो.

वर उल्लेखिलेल्या विवेकसिंधूचेच उदाहरण घेता येईल. ग्रंथ केव्हा व कोठे रचला गेला, या प्रश्नास ‘शके १११०, अंबाजोगाई’ असे सुटसुटीत उत्तर मिळाले, तर ते उघड चुकीचे ठरत नाही. पण त्या ओवीविषयीची शंका व आंभोऱ्याचा पक्ष त्यातून गळून पडतो. विद्यार्थ्यास माहिती मिळते, परंतु ती माहिती कशी सिद्ध होते हे कळत नाही. स्वाध्यायाचा हेतू तर हे दुसरे शिकविण्याचाच असतो. याच प्रश्नाच्या निमित्ताने जो विद्यार्थी ग्रंथालयात दोन वाङ्मयेतिहास उघडून पाहतो, त्याच्या हाती उत्तराबरोबर उत्तर तपासण्याची रीतही येते.

नियम व त्यांतील पोकळी : महाराष्ट्र शासनाने विद्यापीठ, मंडळ व इतर विनिर्दिष्ट परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम १९८२ मध्ये केला. त्याचा रोख प्रश्नपत्रिका, परीक्षाकेंद्र व परीक्षार्थी यांवर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटीचे संवर्धन व वाङ्मयचौर्यास प्रतिबंध यांसाठी विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास विहित मुदतीत सुधारित लेखन सादर करावे लागते. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षापर्यंत ते सादर करता येत नाही. आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास नोंदणीच रद्द होते. तथापि या विनियमांच्या व्याख्येतून स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल व उत्तरपत्रिका वगळल्या आहेत. परिणामी परीक्षादालन एका कायद्याने व प्रबंध दुसऱ्या विनियमाने रक्षिला गेला, पण या दोहोंच्या मधले दैनंदिन स्वाध्यायलेखन मात्र महाविद्यालय व शिक्षक यांच्या विवेकावर राहिले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव सर्वांत सहज झाला तो नेमका याच पोकळीत.

साम्य शोधणारी संगणकीय साधने सादर केलेला मजकूर पूर्वप्रकाशित मजकुराशी ताडून पाहतात. यंत्राने नव्याने रचलेला मजकूर कोणाचीही शब्दशः नक्कल नसल्याने तो या चाळणीतून निसटतो. यंत्ररचित मजकूर ओळखण्याचा दावा करणारी स्वतंत्र साधनेही निघाली. तथापि त्यांचा भरवसा देता येत नाही. ओपनएआय या संस्थेने २०२३ च्या प्रारंभी असे एक साधन प्रसृत केले. तिच्याच चाचणीत त्याने यंत्ररचित मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ओळखला, तर माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के मजकूर चुकीने यंत्राचा ठरविला. अचूकतेच्या अभावी जुलै २०२३ मध्ये ते मागे घेण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींच्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्ररचित ठरविल्याचे दिसून आले. मर्यादित शब्दसंग्रह व साधी वाक्यरचना हा अशा लेखनाचा स्वाभाविक विशेष यंत्राची खूण समजला गेला. ज्या जिल्ह्यातील विद्यार्थी इंग्रजी ही शाळेतच प्रथम ऐकतो, तेथील शिक्षकाने केवळ अशा साधनाच्या निर्वाळ्यावरून कोणास दोषी धरणे अन्यायाचे होय.

जबाबदार वापराची तत्त्वे : युनेस्को या संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण व संशोधन यांतील जनरेटिव्ह एआयविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मानवाचे निर्णयस्वातंत्र्य, खाजगी माहितीचे संरक्षण व साधनांची समान उपलब्धता यांवर त्यांत भर दिलेला आहे. स्वाध्यायलेखनाच्या संदर्भात चार तत्त्वे विशेष महत्त्वाची ठरतात.

पहिले तत्त्व पूर्वानुमतीचे होय. कोणत्या कामासाठी यंत्राचे साहाय्य चालेल व कोणत्यासाठी नाही, हे शिक्षकाने स्वाध्याय देतानाच लेखी सांगावयास हवे. अवघड संकल्पनेचे स्पष्टीकरण मागणे, इंग्रजी उताऱ्याचा आशय मराठीत समजून घेणे किंवा आपल्या मसुद्यातील शुद्धलेखन तपासून घेणे ही साहाय्ये आकलनास पोषक ठरू शकतात. युक्तिवाद, निष्कर्ष व क्षेत्रकार्याची निरीक्षणे मात्र विद्यार्थ्याचीच असली पाहिजेत. दुसरे तत्त्व प्रकटीकरणाचे. कोणते साधन, कोणत्या टप्प्यावर व कशासाठी वापरले, याची नोंद लेखनाच्या अखेरीस असावी. ज्ञानेश्वरीत सांगणारा कर्ता असून लिहिणारा लेखनिक होता. यंत्राच्या अनिर्बंध वापरात हा क्रम उलटतो. यंत्र सांगते, विद्यार्थी उतरवून घेतो आणि तरीही कर्त्याच्या जागी विद्यार्थ्याचे नाव येते. प्रकटीकरण हा या उलटापालटीवरील पहिला निर्बंध आहे.

तिसरे तत्त्व पडताळणीचे. यंत्राने दिलेला प्रत्येक शक, आकडा, अवतरण व ग्रंथनाम मूळ साधनाशी ताडून पाहिल्याशिवाय लेखनात घेऊ नये. जे ताडता येत नाही, ते वगळावे. प्रती ताडण्याचे एकनाथांचे व्रत आजच्या विद्यार्थ्यास याच रूपात पाळता येते. चौथे तत्त्व उत्तरदायित्वाचे. सादर केलेल्या लेखनावर शिक्षकाने समोर बसवून प्रश्न विचारल्यास विद्यार्थ्यास आपल्या शब्दांत उत्तर देता आले पाहिजे. पाच-दहा मिनिटांची तोंडी परीक्षा ही कोणत्याही संगणकीय शोधसाधनाहून अधिक न्याय्य असते, कारण ती मजकुराच्या पोताची नव्हे, तर आकलनाची परीक्षा घेते. यांखेरीज, मुलाखतींतून मिळालेली लोकांची खाजगी माहिती अशा सेवांत भरू नये, हेही पथ्य क्षेत्रकार्य करणाऱ्याने पाळणे आवश्यक आहे.

ही तत्त्वे पाळली जाण्यास स्वाध्यायाचे विषयही तसे असावे लागतात. कोणत्याही गावी, कोणासही लागू पडेल असा विषय यंत्रास सोपा असतो. याउलट, धारूरच्या किल्ल्याची आजची अवस्था, स्वतःच्या गावातील विहिरींची पाणीपातळी, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह किंवा ऊसतोडीवरून परतलेल्या कुटुंबाचा हंगामी जमाखर्च हे विषय विद्यार्थ्यास पाहावयास, ऐकावयास व विचारावयास लावतात. अशा लेखनातील कच्चा भाग, म्हणजे टिपणवही, नकाशा व मोजमापे, अंतिम अहवालाबरोबर मागविल्यास लेखनाची वाटचाल शिक्षकास दिसते. एका शिक्षकामागील विद्यार्थिसंख्या व रिक्त पदे यांमुळे हे सर्वत्र सुकर नाही; परंतु वर्षातून एक स्वाध्याय जरी असा झाला, तरी तो दहा औपचारिक स्वाध्यायांहून मोलाचा ठरतो.

समारोप : कृत्रिम बुद्धिमत्तेवर सरसकट बंदी घालणे व्यवहार्य नाही आणि इष्टही नाही. ऊसतोडीच्या तळावर आईवडिलांबरोबर राहणाऱ्या व तासांना मुकलेल्या विद्यार्थ्यास भ्रमणध्वनीवर, मराठीतून व संकोच न बाळगता शंका विचारता येते, ही लहान गोष्ट नव्हे. पूर्वी असे साहाय्य केवळ खाजगी शिकवणी परवडणाऱ्यास मिळे. तथापि तेच साधन त्याच्या वतीने लिहू लागले, तर जी क्षमता मिळविण्यासाठी त्याने महाविद्यालयात नाव घातले, तीच त्याच्या हाती लागत नाही. दुसरीकडे, गैरवापराच्या भीतीने स्वाध्यायच रद्द करून सर्व मूल्यमापन पुन्हा तीन तासांच्या परीक्षेकडे नेण्याची मागणी स्वाभाविक वाटली, तरी तिने पाठांतराचा जुना दोषच परत येईल आणि राधाकृष्णन आयोगापासून झालेली वाटचाल वाया जाईल. स्वाध्याय टिकावयाचा असेल, तर तो ज्या विश्वासावर उभा आहे त्याची जपणूक शिक्षक व विद्यार्थी या दोघांनी करावयास हवी. साधन कोणतेही असो, लेखनाखाली नाव घालणाऱ्याने त्यातील प्रत्येक वाक्याची जबाबदारी घ्यावयाची असते. मराठी ग्रंथकारांनी ग्रंथाच्या अखेरीस आपले नाव, शक व स्थळ नोंदविले, त्याचाही अर्थ याहून वेगळा नव्हता.